देवाचे गुण वहीत उतरवले, पण ड्युटीवर त्यांचं काय करायचं?

प्रश्न: नगरी_वाहक

जय ख्रिस्त सगळ्यांना.

मी एसटीत वाहक आहे, नगर जिल्ह्यातल्या एका आगारात. वय चाळिशीच्या पुढे, दोन मुलं, नवरा वर्कशॉपला. पाळी फिरती असते, त्यामुळे रविवारी उपासनेला जाणं महिन्यातून एखाद्या वेळीच जमतं. एरवी मोबाईलवर ऐकते, तेही अर्धवट, कारण गाडी फलाटाला लागली की कानातलं काढावं लागतं.

आमच्या मंडळीत बुधवारच्या बायबल अभ्यासात सध्या ‘देवाचे गुण’ चालू आहेत. पवित्र, न्यायी, दयाळू, मंदक्रोध म्हणजे लवकर न रागावणारा, विश्वासू, न बदलणारा, सर्व जाणणारा. पाळकसाहेब मन लावून शिकवतात, प्रत्येक गुणाला वचनं देतात, आम्ही लिहून घेतो. मागच्या वेळी त्यांनी विचारलं की यातून तुम्हाला रोजच्या जगण्यात काय मिळतं? सगळ्यांनी सांगितलं, धीर मिळतो, बळ मिळतं, शांती मिळते. मीपण तेच सांगितलं. घरी येताना मात्र माझं उत्तर मलाच पटेना.

माझा दिवस असा असतो. सकाळची पहिली गाडी घोडेगाव, वडाळ्यावरून नेवाशाला. घोडेगावला जनावरांचा बाजार असला की टपावर बसायला कमी केलेलं नाही म्हणायचं एवढी माणसं. शनिअमावास्येला शिंगणापूरचे भाविक, पाय ठेवायला जागा नाही. पाचशेची नोट पुढे करून बारा रुपयांचं तिकीट मागणारे रोज भेटतात. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, चांगलंच झालं, पण त्यावरून पुरुष प्रवासी मलाच सुनावतात, जसं काही मीच सही केली. आणि एखादा हळूच म्हणतो, “मॅडम, तिकीट राहू द्या, वीस घ्या, पुढच्या फाट्याला उतरतो.” अशा वेळी बघणारं कोणी नसतं. रात्री कॅश भरताना कमी पडले तर ते आपल्या खिशातून.

मग मला सांगा, देव न बदलणारा आहे हे या गाडीत माझ्या कामी कसं येतं? आणि दुसरं, आपण म्हणतो देवाने प्रत्येकाला काही उद्देशाने ठेवलंय. ख्रिस्ताची वार्ता सांगणाऱ्या सुवार्तिकाचं कळतं, नर्सचं कळतं, शिक्षिकेचं कळतं. तिकीट फाडण्यात कसला उद्देश? प्रवचन नको. कोणी स्वतः हे कसं जगतं ते ऐकायचंय.

उत्तर: येशूचा_शिपाई_९८

ताई, फिलिप्पैकरांस पत्र ४:१३ रोज सकाळी मोठ्याने म्हणा! मला जो सामर्थ्य देतो त्याच्यामध्ये मी सर्व काही करू शकतो! नकारात्मक विचार मनात येऊच देऊ नका. प्रमोशनचा दरवाजा उघडतोय, विश्वास ठेवा. 🙏

उत्तर: वडाळ्याच्या_बाई

शिपाईबाळा, ते वचन पौलाने तुरुंगातून लिहिलंय, आणि त्याच्या आधीची ओळ आहे उपाशी राहायलाही मी शिकलोय अशी. प्रमोशनचं त्यात काही नाही. असो, तुझा उत्साह कमी होऊ नये, पण ताईंना उत्तर मिळायला हवं.

अगं वाहकबाई, मी मिशनच्या शाळेत मराठी आणि पवित्र शास्त्र शिकवून निवृत्त झाले. तुझ्या नेवाशाच्या गाडीने मी आयुष्यभर प्रवास केलाय, तेव्हा कदाचित तूच मला तिकीट दिलं असशील.

तुझ्या वहीतली यादी चुकीची नाही. फक्त ती जिथून उचलली तिथे परत नेऊन वाच. ‘दयाळू, कृपाळू, मंदक्रोध’ हे शब्द बायबलातल्या निर्गम ३४ मधले. देवाने ते स्वतःबद्दल कधी सांगितले? वासराची मूर्ती करून लोक तिच्यापुढे नाचून झाल्यावर, मोशेने रागाने दगडी पाट्या फोडल्यावर. दुसऱ्या पाट्या घडून तो पुन्हा डोंगर चढला, तेव्हा. म्हणजे सगळं सुरळीत चाललेलं असताना, गायनमंडळ सुरात असताना देवाने आपली ओळख दिलेली नाही. सगळ्यात वाईट आठवड्यात दिली. मला या गोष्टीने जेवढा धीर दिलाय तेवढा कुठल्याही प्रवचनाने नाही.

आता बायबलातली हागार. अब्राहामाच्या घरची दासी, पोटुशी, मालकिणीच्या जाचाने पळालेली, शूरच्या वाटेवर झऱ्याकाठी बसलेली. परमेश्वराचा दूत तिला काय विचारतो? कुठून आलीस आणि कुठे चाललीस? (हसू नकोस, दिवसभर तू दुसरं काय विचारतेस?) त्या बाईने देवाला नाव दिलं, तू मला पाहणारा देव. अब्राहामाने नाही, या दासीने दिलं. आणि ती कुठे परत गेली? त्याच घरी, त्याच कामावर. परिस्थिती तीच राहिली. पण आपल्याला कोणी पाहतंय हे तिला ठाऊक झालेलं होतं. यावर माझ्या मनात प्रश्न आहेतच, जाचाच्या घरी परत का पाठवावं म्हणून, ते मी दडवत नाही. पण तू विचारलंस की बघणारं कोणी नसतं तेव्हा काय, तर ही गोष्ट तिथे लागू पडते.

त्या वीस रुपयांचं बोलू. बायबलातलं अनुवाद हे पुस्तक, १०:१७ काढ. देवाचं वर्णन चाललंय, देवांचा देव, प्रभूंचा प्रभू, महान, पराक्रमी, भयावह, आणि त्याच दमात, तो लाच घेत नाही. एवढ्या मोठ्या विशेषणांच्या रांगेत लाचेची गोष्ट! पुढच्याच ओळीत तो अनाथ आणि विधवेचा न्याय करतो, परक्याला अन्नवस्त्र देतो. मी शाळेत हा भाग शिकवायचे तेव्हा मुलांना गंमत वाटायची की देवाला कोण लाच देणार. सगळेच देतात रे बाळांनो, म्हणायचे मी, नवस बोलतो ती काय असते. तू त्या माणसाला “तिकीट घ्या” म्हणतेस तेव्हा देवाच्या एका गुणाची खूण त्या गाडीत उमटते. त्याला कळो न कळो. त्यासाठी तू तोंडाने येशूचं नाव घ्यायचीही गरज नाही, घेतलंस तर भांडणच होईल.

न बदलण्याचं म्हणशील तर मला ते वर्गात कळलं. मुलं सकाळी वर्गात आली की आधी बाईंचा चेहरा बघतात. आज बरा आहे की नाही. त्यावरून दिवसभर जपून वागतात. देवाच्या बाबतीत ती धास्ती नाही. काल रात्री प्रार्थना केली नाही म्हणून आज त्याने तोंड फिरवलंय असं होत नाही. तू रविवारी उपासनेला येऊ शकली नाहीस म्हणून सोमवारची गाडी त्याच्या मर्जीबाहेर सुटत नाही. याचा फायदा एवढाच आणि एवढा मोठा, की दिवसातला जो जीव ‘देव माझ्यावर रागावलाय का’ यात जातो तो वाचतो, आणि माणसांसाठी उरतो.

उद्देशाबद्दल. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, पण ख्रिस्त आपल्याला खरा सापडला तो त्यानंतर आठेक वर्षांनी, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. आईवडील दुष्काळात गेलेले, पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच नवरा गेला. देव दयाळू आहे हे त्या बाईने फळ्यावरून उतरवून घेतलेलं नव्हतं. १८९६-९७ च्या दुष्काळात तिने मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, पुढे गुजरातच्या दुष्काळातल्या आणल्या, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या काळी दोनेक हजार जणी राहत होत्या. तिथे जाऊन आलीस का? जाऊन ये, दौंडजवळ आहे. प्रार्थना भरपूर व्हायची, पण त्यासोबत तेलाचा घाणा होता, माग होते, शेती, गाईगुरं, अंध मुलींसाठी ब्रेल, छापखाना. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेलं बायबलचं भाषांतर त्याच मुलींनी छपाईचे, एकेका अक्षराचे खिळे जुळवून छापलं. १९२२ मध्ये बाई गेल्या तोवर ते काम हातात होतं, आदल्या वर्षी एकुलती एक मनोरमा गेल्यावरही. त्यातली एखादी मुलगी दिवसभर नुसते खिळे परत खणात लावत असेल. तिला कोणी सुवार्तिक म्हटलं नसेल. पण तिच्याशिवाय पान छापलं जात नाही.

मी स्वतः काय करायचे? सगळे गुण एकदम नाही पेलत. आठवड्याला एक धरायचे. मंदक्रोधाचा आठवडा सातवी ‘ब’ साठी राखून ठेवलेला असायचा.

उत्तर: सोलापूरची_चाळ

बाईंचं पटलं, तरी माझं थोडं वेगळं म्हणणं मांडतो.

माझ्या बायकोचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा, बरीच वर्षं. ‘देव चांगला आहे’ हे वाक्य मला फोनवर कोणी ऐकवलं की मी फोन ठेवून देतो. वाक्य खोटं आहे म्हणून नव्हे. ते म्हणणाऱ्याला लवकर फोन ठेवायचा असतो म्हणून.

आपल्याकडे ख्रिस्ती कॅलेंडरवर विलापगीत ३ मधली दोन वचनं हमखास असतात. त्याची दया रोज सकाळी नवी होते, त्याची विश्वासूता थोर आहे. खाली सूर्योदयाचं चित्र. त्याच अध्यायात थोडं वर काय आहे ते कोणी छापत नाही. देव माझ्यासाठी दबा धरून बसलेल्या अस्वलासारखा झालाय. त्याने मला खडे चावायला लावून माझे दात पाडले. माझी प्रार्थना त्याने बाहेर अडवली. हे लिहिणारा यरुशलेमेच्या राखेत बसलेला आहे, मुलं रस्त्यात भुकेने पडलेली आहेत. आणि अस्वल म्हणून झाल्यावर तोच माणूस म्हणतो की दया नवी आहे. नंतर पुन्हा रडतो. पुस्तकाचा शेवटसुद्धा गोड नाही, तू आम्हाला अगदीच टाकलंस का, या सुरात संपतं.

मला धीर कशाने मिळतो ते विचारलंत तर याने. देवाच्या तोंडावर हे बोलता येतं आणि तो ते आपल्या पुस्तकात ठेवून घेतो. ज्याच्याशी असं बोलता येत नाही त्याच्या दयाळूपणावर माझा विश्वास बसला नसता.

आमचे पाळक एकदा दवाखान्यात आले, आमच्या शेजारी मशीनकडे बघत तासभर बसले, जाताना छोटी प्रार्थना केली आणि रिक्षाचे पैसे हातात ठेवले. मंडळीत त्यांचं प्रवचन लोकांना कंटाळवाणं वाटतं. मला वाटत नाही.

ताई, बुधवारचं उत्तर तुम्हाला पटलं नाही, हे बरं झालं.

उत्तर: वाडीवाला_वसई

मी कॅथलिक, वसईचा. वाडीत केळी आणि भाजी, पहाटेच्या लोकलने दादरला. दोन मुद्दे, मग गाडी गाठायची आहे.

एक. रविवारी मिस्साला जाता आलं नाही की माझी आई मला पाप लागल्यासारखं बघते. तुमच्यासारखी माणसं रविवारी ड्युटीवर असतात म्हणून बाकीचे चर्चला पोहोचतात. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा वार, माणसासाठी आहे, माणूस शब्बाथसाठी नाही, हे येशूने सांगून ठेवलंय. मधल्या वारी सुट्टी मिळेल तेव्हा ती खरी सुट्टी करा. त्या दिवशी धुणं काढू नका.

दोन. मत्तय ५:४५. तो आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवर उगवतो, नीतिमान असो नसो पाऊस सगळ्यांवर पाडतो. आणि लगेच येशू म्हणतो, तुम्ही तसे व्हा. बाजाराला चाललेला, शिंगणापूरला चाललेला, तुम्हाला बोलणारा, सगळे तुमच्या एकाच गाडीत चढतात आणि तुम्ही सगळ्यांना पोहोचवता. मला वाटतं तुमचा उद्देश इथेच कुठेतरी असेल.

आमचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२४ मध्ये गेले. बाहेर त्यांचं नाव सुबोध बायबलमुळे, त्या भाषांतराला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पण आमच्या आजोबांना ते आठवतात हरित वसईच्या लढ्यामुळे. विहिरी आटत होत्या, वाड्या जात होत्या, तेव्हा धर्मगुरूने यात पडावं का अशी कुजबुज होती. ते पडले. देवाला जर आपण निर्माता म्हणतो तर त्याच्या विहिरीचं पाणी हा धर्माचाच विषय झाला. माझ्या वाडीला अजून पाणी आहे.

प्रतिसाद: नगरी_वाहक

सगळ्यांचे आभार. सोलापूरच्या दादांचं वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. वहिनींसाठी प्रार्थना करते, फोन करणार नाही.

बाई, ‘कुठून आलीस, कुठे चाललीस’ वाचून ड्रायव्हर दादांना पण सांगितलं. ते ख्रिस्ती नाहीत, पण म्हणाले, मग पुढचा प्रश्न ‘सुटे आहेत का’ असला पाहिजे.

पण माझी एक अडचण सुटत नाही. परवा एक आजोबा चढले. पंच्याहत्तरच्या वर फुकट आहे, ते म्हणाले मी बसतो फुकट. आधार बघितलं तर चौऱ्याहत्तर. जन्मतारीख १ जानेवारी, अर्ध्या गावाची असते तशी. आजोबा म्हणाले, “बाहत्तरच्या दुष्काळात मला तीन लेकरं होती, थोरली शाळेत जात होती, आणि तू मला चौऱ्याहत्तर म्हणतीस?” गाडी हसायला लागली. खरं तर ते ऐंशीच्या आसपास असणार हे मलाही दिसत होतं. पण कार्डावर आहे ते आहे, मी अर्धं तिकीट दिलं. उतरेपर्यंत ते मला बोलत होते.

आता देव न्यायी आणि देव दयाळू. मी दोन्ही एकाच गाडीत कशी होऊ? फुकट सोडलं आणि तपासणी पथक चढलं तर केस माझ्यावर. स्वतःच्या खिशातून भरायचं म्हटलं तर असे आजोबा रोज येतात.

आणि ते कलस्सैकरांस ३:२३ कोणी सांगू नका कृपा करून. जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. वरचे साहेब लोकच ते आम्हाला सांगतात.

प्रतिसाद: वडाळ्याच्या_बाई

कलस्सैचं तू बरोबर पकडलंस. ते वचन पौलाने दासांना लिहिलंय, कचेरीतल्या साहेबांच्या भिंतीवर लावायला नाही. आणि तिथून थोडं पुढे, ४:१ मध्ये, धन्यांना बजावलंय की दासांशी न्यायाने आणि समतेने वागा, स्वर्गात तुम्हालाही धनी आहे. जो तुला ३:२३ ऐकवेल त्याला ४:१ वाचायला सांग. हसत सांग.

आजोबांना तिकीट दिलंस ते योग्यच. दुसऱ्याच्या पैशाने केलेली दया ही दया नव्हे, ती त्याच्या गल्ल्यातली उचल आहे. निर्गम ३४ मध्येही बघ, दयेचा सागर म्हणून झालं की त्याच वाक्यात आहे, दोषीची मुळीच गय करत नाही. एका दमात दोन्ही! मला तरुणपणी हे खटकायचं. एक तर हे म्हणा नाहीतर ते. वधस्तंभ समजायला लागला तसं ते सुटत गेलं, कारण तिथे देवाने हिशेब पुसून टाकला नाही, तो स्वतः भरला. क्षमा करणाऱ्याला ती कधीच फुकट पडत नाही. पण बाई, ते भरून झालेलं आहे. रोज तुझ्या पगारातून पुन्हा भरायचं नाहीये. एखाद्या दिवशी मनात आलं तर भर, मोजू नकोस, सांगू नकोस.

आजोबांना हवी होती ती दया कदाचित तिकिटाची नव्हतीच. ऐंशी वर्षं जगलेल्या माणसाला भर गाडीत कार्ड खोटं ठरवतं, त्याचा तो संताप. पुढच्या वेळी त्यांना सांग की थोरलीचा शाळेचा दाखला, जुनं रेशनकार्ड, जे सापडेल ते घेऊन आधार केंद्रावर तारखेचं विचारा. गर्दी कमी असेल तर त्या दुष्काळाचं विचार. सुकडी कुठे मिळायची, खडी कुठे फोडली. मला खात्री आहे, नेवासा येईपर्यंत ते बोलतील.

प्रतिसाद: नगरी_वाहक

दाखल्याचं सांगते. त्यांची थोरली वांबोरीला दिलेली आहे, हे मला भांडणातच कळलं.

बाई, बुधवारी मी ‘मंदक्रोध’ घेऊन बसणार आहे. पाळकसाहेबांना निर्गम ३४ च्या आधीचे दोन अध्याय पण वाचायला लावते.

प्रतिसाद: येशूचा_शिपाई_९८

बाई, बायबलात असं कोणी आहे का ज्याला देवाचा दयाळूपणा आवडला नाही? मला युवक संघात बोलायचं आहे. गंभीरपणे विचारतोय.

प्रतिसाद: वडाळ्याच्या_बाई

आहे की. निनवे शहराकडे पाठवलेला संदेष्टा योना, अध्याय ४. निनवेकर सुधारले, देवाने त्यांना सोडलं, तर हा संतापला. म्हणतो, तू कृपाळू, दयाळू, मंदक्रोध आहेस हे मला ठाऊकच होतं, म्हणून तर मी तार्शीशला पळत होतो. तीच सगळी यादी, पण तक्रार म्हणून. मंडळीत असे योना पुष्कळ असतात, मीही काही वर्षं होते, तूही शोध.

प्रतिसाद: येशूचा_शिपाई_९८

वाचला. पण माझ्या बायबलमध्ये शेवट नाहीये, एक लाख वीस हजार माणसं आणि गुरंढोरं यांच्यावर पान संपलंय. छापायचं राहिलंय का?

प्रतिसाद: वडाळ्याच्या_बाई

नाही रे. पुस्तक तिथेच संपतं, देवाच्या प्रश्नावर. योनाने काय उत्तर दिलं ते लिहिलेलं नाही. युवक संघात तोच प्रश्न टाक आणि खाली बस.